चिमणीचा बाप

शांतव्वाला कुणी तिच्या घोडीच्या बापाचं नाव विचारलं, की ती आधी विचारणाऱ्याला पायापासून डोक्यापर्यंत बघून घ्यायची. मग म्हणायची, "का? सोयरिक करायची हाय का?"

विचारणारा हसायचा. ती हसायची नाही.

घोडीचं नाव चिमणी. मातकट रंगाची, माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढीच. मान आखूड, पोट थोडं सुटलेलं, आणि खूर असे की दगडावर वाजले तरी झिजायचे नाहीत. शांतव्वाचा नवरा चनबसाप्पा हिच्याच गाडीवर मार्केट यार्डातून गुळाचे रवे, म्हणजे मोठाल्या ढेपा, भरून शुक्रवार पेठेतल्या दुकानांत पोचवायचा. नव्वद सालानंतर तीनचाकी टेम्पो आले. ते एका खेपेत चिमणीच्या तीन खेपांचा माल नेत. हळूहळू चनबसाप्पाकडं उरली ती गल्लीबोळातली, टेम्पो न वळणारी दुकानं. तिथं चिमणी रव्यांनी भरलेली गाडी घेऊन जागच्या जागी वळायची. आम्ही गल्लीतले लोक ते रोज बघत होतो आणि तिला तट्टू म्हणत होतो.

तट्टू हा शब्द कुणी काढला कोण जाणे. या मुलखातल्या डोंगरांवरून माणसांची ओझी शेकडो वर्षं ज्यांनी वाहिली, त्या जनावरांना काठेवाडी नाही, मारवाडी नाही, सिंधी नाही, म्हणून तट्टू म्हणायचं. काठेवाडीचे कान वर जाऊन एकमेकांना टेकतात, म्हणून ती जात. सिंधी पाठ न हलवता चालतो, म्हणून ती जात. हिचे कान साधे, चाल साधी. भीमथडीची घोडी म्हणून कधीकाळी हिच्याच आज्यापणज्यांवर फौजा चालल्या, तर ती जात आता संपली, असं शहाणी माणसं सांगत. चिमणी त्यांच्यासमोर उभी राहून कडबा खात असे आणि ते सांगत असत की ती संपली.

शांतव्वाचं माहेर गडहिंग्लजच्या पलीकडं, जिथं अर्धं बोलणं कन्नडमध्ये होतं. तिच्या घराण्यातले पुरुष घोड्यांच्या पाठीवर आजऱ्याचा तांदूळ लादून घाट उतरत आणि मीठ घेऊन वर येत. ते महिनोन्‌महिने वाटेवर. घोड्या व्यायच्या घरी, बायकांच्या हाताखाली. नर शिंगरू बाजारात जायचं, मादी घरात राहायची. आणि लेक सासरी निघाली की तिच्याबरोबर एक शिंगरी जायची. जाताना आई त्या शिंगरीच्या कानात तिच्या आईचं नाव घ्यायची, आईच्या आईचं घ्यायची, आठवतील तितकी. घोड्याचं नाव त्यात कधीच नसे. वाटेत कुठल्या मुक्कामी कुठला घोडा होता, हे लक्षात ठेवायचं काम त्या घरात कुणाला दिलेलंच नव्हतं.

शांतव्वा अशीच हरणी नावाची शिंगरी घेऊन कोल्हापुरात आली. हरणीची चिमणी. चिमणीची रेवडी, ती आता दोन वर्षांची होती, आणि अठ्ठ्याण्णव साली शांतव्वाच्या लेकीचं, दानेश्वरीचं, लग्न ठरलं.

दानेश्वरी बी.कॉम. झालेली, कॉम्प्युटरच्या क्लासला जाणारी. तिनं आईला आधीच सांगून टाकलं होतं. "अव्वा, रेवडी नको. भांडी दे, कपाट दे. तट्टू घिऊन गेले तर लोक हसतील."

"हसू दे की. मला बी हसलीती."

"तुला हसली म्हणून मलाबी हसायला पायजे व्हय?"

शांतव्वा उठून घरामागच्या परड्यात गेली. तिनं रेवडीला खरारा करायला घेतला.

मुलगा अमरेश, कोडोलीकडचा. सरळ पोरगा. त्याचे वडील सोमशेखर यांच्या मालकीचे सहा ट्रक, ऊस आणि एक घोडा. तो घोडा म्हणजे बादशहा. पांढराशुभ्र काठेवाडी, कपाळावर शिरा फुगलेल्या, कान टेकलेले. आजऱ्यापासून पन्हाळ्यापर्यंतचे लोक आपापल्या घोड्या बादशहाला दाखवायला आणत. सोमशेखर दर हंगामात पुण्याला रेस बघायला जात आणि परत येऊन आठवडाभर तिथलंच बोलत. गावच्या जत्रेतल्या घोडागाडीच्या शर्यतीला त्यांनी आपल्या वडिलांचं नाव दिलं होतं. मांडवाच्या कमानीवर लिहिलेलं असायचं, 'कै. शिवलिंगाप्पा स्मृती स्टेक्स'.

लग्नाची बोलणी करायला ते आले तेव्हा चहा होईपर्यंत बसवेना म्हणून परड्यात गेले. चिमणी आणि रेवडी तिथंच बांधलेल्या. चिमणीच्या पुढच्या पायावरून त्यांनी हात फिरवला, खूर उचलून बघितला, मग दुसऱ्या पायाचाही उचलून बघितला. हे चनबसाप्पानं बघितलं होतं. पुढं सगळं घडून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं की पाव्हण्यानं तेव्हाच घोडीचं पाणी ओळखलं होतं.

चहा पिताना सोमशेखर म्हणाले, "स्टेक्स म्हंजे काय, ठाव हाय का पावणं? आमच्या जत्रेत आधी कसं असायचं, पुढाऱ्यानं ढाल द्यायची, झालं. आता तसं न्हाय. पळवणाऱ्या प्रत्येक मालकानं आपला डाव मधी टाकायचा. सगळ्यांचा मिळून गल्ला. जिंकंल त्यानं ढालीसंगं न्यायचा. म्हंजे कसं, ज्याला आपल्या जनावराची खात्री हाय तोच येतो. हौशी गळतात."

"बरोबर हाय," चनबसाप्पा म्हणाला. तो सगळ्यालाच बरोबर हाय म्हणायचा.

"वयाचे गट, दात बघून. वजन सारखं करायचं. घोड्याच्या गाडीत वाळूचं अख्खं पोतं, घोडीच्या गाडीत अर्धं. घोडीला सवलत, पुण्यात बी हाय तशी. आणि मुख्य म्हंजे बाप. बाप जातिवंत पायजे, नाव सांगता आलं पायजे. सगळ्या जगात रेसची जेवढी घोडी हाईत न्हवं, समदी तीन घोड्यांची. फक्त तीन बाप."

शांतव्वा कपबश्या उचलत होती. तिनं विचारलं, "आणि आया?"

"आयांचं काय?"

"आया किती हुत्या?"

सोमशेखर हसले. "ईनबाई, आयांचं कोण मोजतंय."

हे खोटं होतं. रेसच्या घोड्यांच्या वह्यांत आयाही असतात, बापाच्या खालच्या ओळीत. पण सोमशेखर खालची ओळ वाचत नसत. त्यांनीच छापून घेतलेल्या लग्नपत्रिकेत दानेश्वरी ही श्री. व सौ. चनबसाप्पा यांची कन्या होती. त्या 'सौ.'ला नाव असतं, हे छापखान्यालाही सुचलं नव्हतं.

शिंगरीची रीत सांगितल्यावर त्यांनी नाही म्हटलं नाही. म्हणाले, "जत्रंत शिंगरीच्या आईला पळवा. पहिली आली तर शिंगरी बँड लावून नेतो माझ्या तबेल्यात. न्हाय आली, तर मग तट्टासाठी जागा न्हाय माझ्याकडं, राग मानू नका."

"चिमणीच्या बापाचं नाव आमी सांगत न्हाय," शांतव्वा म्हणाली. "तुमच्या नियमात बसायचं न्हाय."

"ते मी बघतो. तुमी फकस्त गाडी आणा."

शांतव्वाला वाटलं, हा माणूस सोयरिकीसाठी नियम सोडतोय. तिला तो त्या दिवशी बराही वाटला.

जत्रेच्या दिवशी माळावर एवढी माणसं होती की धूळ खाली बसायला जागा नव्हती. आमच्या गल्लीतले आम्ही सगळे टेम्पो करून गेलो होतो. त्यात केरबा पण होता. केरबा म्हणजे कोल्हापूर स्टेशनवरचा टांगेवाला. त्याच्या टांग्याचा घोडा पाखऱ्या, अंगावर पांढरे डाग, एका डोळ्यानं आंधळा, मरूनही आता तीन वर्षं झाली होती, आणि केरबा अजून खिशात त्याच्या नालाचा तुकडा ठेवून हिंडायचा. रिक्षावाले त्याला त्यावरून छळत.

सहा गाड्या उभ्या राहिल्या. त्यांत बादशहाचा पोरगा शहजादा होता, बापासारखाच पांढरा. दोन वर्षं लागोपाठ तो दुसरा येत होता, आणि बादशहाकडं येणाऱ्या घोड्या त्यामुळं कमी झाल्या होत्या, हे माळावर सगळ्यांना माहीत होतं. आम्हालाच नव्हतं.

पंच कृष्णात तात्या वाळूची पोती टाकत फिरत होते. चिमणीच्या गाडीत त्यांनी अर्धं पोतं टाकलं. शांतव्वा बायकांच्या बाजूनं दोरीखालून वाकून आत आली.

"अख्खं टाका."

"घोडीला अर्धंच असतंय, ताई. सवलत हाय."

"मार्केट यार्डात कोण सवलत दिल्ती तिला? रवं काय अर्धं भरून आणत हुती?"

चनबसाप्पा लगाम धरून उभा होता. त्याचा चेहरा पडला. "आगं, नियमातच हाय ते. घे की."

"तुमी गप बसा. उद्या म्हणतील, सवलतीवर आली."

कृष्णात तात्यांनी एकदा चनबसाप्पाकडं बघितलं, एकदा तिच्याकडं, आणि अख्खं पोतं टाकलं. आमच्यापैकी कुणीतरी म्हणालं, बाईनं घोडी घालवली. मलाही तसंच वाटलं.

गाड्या सुटल्या. सोबत मोटारसायकली सुटल्या, प्रत्येक मालकाची माणसं आपल्या घोड्याशेजारून हॉर्न वाजवत, ओरडत. कुणी चाबूक मारत होतं, कुणाच्या हातात खिळा होता, आणि मांडवातले मान्यवर ते बघून टाळ्या वाजवत होते. चिमणीमागं मोटारसायकल नव्हती, कारण आमच्याकडं तिथं मोटारसायकलच नव्हती. जाताना ती चौथी होती. शहजादा पुढं, त्याच्यामागं धूळ.

लांब टोकाला निशाण होतं. त्याला वळसा घालून परत यायचं. उंच घोडी तिथं मोठा घेर घेत, आजूबाजूचे हॉर्न त्यांना बिचकवत. शहजादा तर पार शेताच्या बांधापर्यंत गेला. चिमणी निशाणाजवळ आली, आणि वाळूच्या अख्ख्या पोत्यासकट जागच्या जागी वळली. गुळाच्या दुकानासमोर वळते तशी. हॉर्नचं तिला काही नव्हतं, तिचं आयुष्य ट्रकच्या तोंडासमोर गेलेलं. परत येताना ती कुणी पाठीमागं आहे म्हणून पळत नव्हती. ती घरी निघाली होती.

चनबसाप्पानं चाबूक उचललाच नाही. त्याच्याकडं तो होता की नाही, हेही मला आठवत नाही. चिमणी पहिली आली. आम्ही ओरडून ओरडून घसे बसवले. दानेश्वरी बायकांच्या घोळक्यात उभी होती. तिनं ओढणीनं तोंड झाकून घेतलं होतं.

आणि मग लाउडस्पीकरवर सोमशेखर बोलले.

"मंडळी, पहिला नंबर, कोल्हापूरचे आमचे व्याही चनबसाप्पा यांची घोडी चिमणी. आणि आज एक गोष्ट तुमाला सांगतो. घोडी लहान दिसती म्हणून फसू नका. रक्त बोलतंय. ही आपल्या बादशहाची लेक."

टाळ्या पडल्या. शहजादाच्या पराभवाचं कुणाला वाईट वाटायचं कारण उरलं नाही, कारण जिंकलेली पण बादशहाचीच. मांडवाजवळची दोन माणसं तिथल्या तिथं आपल्या घोड्या कधी आणू म्हणून विचारायला पुढं सरकली.

म्हणजे हे असं होतं. हरणीनं चिमणीला वाढवलं, चनबसाप्पानं तिला वळायला शिकवलं, शांतव्वानं तिला अख्खं पोतं ओढायला लावलं, आणि माळावर दहा हजार माणसांसमोर ते सगळं बादशहाचं झालं. बादशहा त्या वेळी तबेल्यात उभा राहून चंदी खात होता. या सगळ्यात त्याचा काही दोष नव्हता, म्हणून त्याच्यावर रागावताही येत नव्हतं.

"चिमणी जल्मली तवा बादशहा ह्या जिल्ह्यात आला तरी हुता का?" केरबा माझ्या कानाशी म्हणाला.

शांतव्वा मांडवाकडं निघाली होती. ढाल घ्यायला चनबसाप्पाला बोलावलं होतं, तो पायरीवर थबकला. ती त्याच्या पुढून वर गेली.

"माईक द्या," ती म्हणाली.

सोमशेखर हसत हळू म्हणाले, पण माईक सुरूच होता म्हणून सगळ्यांनी ऐकलं, "ईनबाई, खाली चला. चांगल्या घराचं नाव लागलंय घोडीला. लेकीच्या कल्याणाचंच हाय."

"नाव लावायला आमी सांगितलंतं?"

"मग बाप नको व्हय तिला? नियम हाय."

शांतव्वानं माईककडं बघितलं. ती ज्या घरात वाढली तिथं घोड्याचं नाव घेत नसत. तिच्या आईनं घेतलं नव्हतं, आजीनं नव्हतं. हरणीबरोबर ती सासरी निघाली तेव्हाही कुणी घेतलं नव्हतं. ती मांडवात उभी होती, आणि समोर सगळा माळ वाट बघत होता. तिनं माईक ओढून घेतला.

"ह्या घोडीचा बाप बादशहा न्हाय. स्टेशनावरच्या केरबाच्या टांग्याला पाखऱ्या हुता. एका डोळ्यानं आंधळा. त्याची हाय ही."

माळ हसला. हसू पुढून मागं गेलं आणि मागून परत आलं. स्टेशनाचा टांगा, आंधळा घोडा. कुणीतरी शिट्टी मारली. सोमशेखरांच्या मानेपासून कानापर्यंत रक्त चढलं.

त्या हशात केरबा उठून उभा राहिला. "व्हय," तो म्हणाला, "आमचाच हाय त्यो," आणि खिशातून नालाचा तुकडा काढून वर धरला, जणू तो पुरावा होता. लोक आणखी हसले. केरबा रडत होता. त्याला ते हसू ऐकू येत नसावं.

कृष्णात तात्या भला माणूस. त्यांनी दोनदा चष्मा पुसला. मग म्हणाले, "ताई, तुमी ह्ये बोलायला नको हुतं. बाप जातिवंत पायजे असा नियम हाय. आता मला घोडी बाद करावी लागंल."

"करा."

"पळाली तर तीच पहिली. म्या बघितलं."

"सगळ्यांनीच बघितलं की. करा बाद."

ढाल शहजादाला गेली, गल्लाही. सोमशेखर यांनी ती स्वतःच्या हातानं स्वतःच्या माणसाला दिली, फोटो काढून घेतला. त्या ढालीवर कै. शिवलिंगाप्पांचं नाव आहे आणि ती अजून त्यांच्या बैठकीत टांगलेली आहे.

परतताना टेम्पोत शांतव्वा आणि दानेश्वरी शेजारीच बसल्या होत्या. गल्ली जवळ आल्यावर दानेश्वरी म्हणाली, "अव्वा, तुला गप बसता येत न्हवतं? शिंगरी गेली असती की बँड लावून. तुलाच पायजे हुतं न्हवं?"

"कुणाची म्हणून गेली असती?"

दानेश्वरीनं बाहेर बघितलं.

लग्न मोडलं नाही. अमरेश येऊन सांगून गेला की वडील रागात आहेत, पण मी नाही. मात्र शिंगरी आणायची नाही, असा निरोपही त्यानंच खाली मान घालून दिला. शांतव्वानं त्यावर वाद घातला नाही. लग्नाच्या आधीचे सगळे दिवस ती परड्यात जायची ते चारा टाकण्यापुरती. रेवडीकडं बघायची नाही. जी रीत तिला लेकीला द्यायची होती ती तिनंच माळावर मोडली होती, एका घोड्याचं नाव घेऊन, आणि तरीही दुसऱ्या घोड्याचं लागू दिलं नव्हतं. यात बरोबर काय झालं आणि चूक काय, हे तिला कुणी विचारलं नाही. गल्लीतल्या बायका एवढंच म्हणत, डोकं जरा गरमच हाय तिचं.

लग्न मंगल कार्यालयात झालं, पण पाठवणी घरून. सजवलेली जीप गल्लीच्या तोंडाशी उभी. सोमशेखर फेटा बांधून जीपजवळ. शांतव्वा आतून बाहेर येईना. शालूबाई म्हणून शेजारीण आहे, ती दोनदा बोलवायला गेली आणि एकटीच परत आली.

दानेश्वरी जीपकडं निघाली होती. अर्ध्यात थांबली. मग पदर सावरत परड्यात गेली आणि रेवडीला दाव्यानं धरून घेऊन आली. हातात हिरवा चुडा, मागं शिंगरी. तिनं दारातून हाक मारली.

"अव्वा, बाहीर ये. हिच्या कानात नावं घे. मला सगळी येत न्हाईत."

शांतव्वा बाहेर आली. डोळे कोरडे होते तिचे, राग गेलेला नव्हता. "ते ठिवत न्हाईत तिला."

सोमशेखर पुढं झाले. "सूनबाई, सांगितलं हुतं. माझ्या तबेल्यात जागा न्हाय."

"तबेल्यात कोण म्हणतंय, मामा," दानेश्वरी म्हणाली. "अंगणात बांधतो की. माझी हाय. चारा मी घालतो."

अमरेश जीपमधून उतरला आणि तिच्याशेजारी जाऊन उभा राहिला. सोमशेखर यांनी फेटा नीट केला, ज्याची काही गरज नव्हती.

शांतव्वानं रेवडीचा कान दोन्ही हातांत धरला. चिमणी, हरणी, आणि त्यामागची कन्नड नावं, जी आम्हाला कळली नाहीत. केरबा घोळक्यातून म्हणाला, "पाखऱ्याचं बी एकदा घ्या की, वैनी." शांतव्वा म्हणाली, "तू गप, मेल्या." पण ती पहिल्यांदाच थोडी हसली.

आता या गोष्टीला वर्षं झाली. चिमणी गेली. चनबसाप्पानं गाडी मोडीत काढली. शिवलिंगाप्पा स्टेक्सचा बापाचा नियम अजून आहे आणि दरवर्षी त्याच कमानीखाली लोक खुशाल खोटे बाप सांगतात. मी दोन हजार चार साली कोडोलीवरून जाताना त्यांच्याकडं थांबलो होतो. बादशहा म्हातारा झाला होता. त्याच्याकडं घोडी घेऊन येणाऱ्याला अंगण ओलांडूनच तबेल्याकडं जावं लागत होतं, आणि अंगणात रेवडी बांधलेली होती, पायाशी तिची शिंगरी. मी बसलो होतो तेव्हाच एक पाव्हणा आला. त्यानं शिंगरीच्या पायावरून हात फिरवला आणि विचारलं, "ही बी बादशहाचीच का?"

स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. आत भाकरी थापल्याचा आवाज थांबला.

सोमशेखरांनी खिडकीकडं बघितलं. मग पाव्हण्याला म्हणाले, "न्हाय. सूनबाईंची हाय ती."

आत भाकरी थापल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.